झाकलेला पेला

“शेजारचं घर? कवडीमोलानं गेलं. भावाभावांत जुंपली होती,” पडदा सारत दलाल म्हणाला. “आणि त्याच्या पलीकडचं, बायको सोडून गेली म्हणून विकलं. तुम्ही आपली माणसं, म्हणून सांगतो.”

ही आपली माणसं त्याला तासाभरापूर्वी भेटली होती. गल्लीत त्याला भोंगा म्हणत, आणि ते काही उगाच नाही. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे.

घर दाखवताना मालकानं घरात थांबायचं नाही, हा त्याचा नियम. म्हणून काकू समोरच्या घराच्या पायरीवर जाऊन बसल्या होत्या. जाताना एवढंच म्हणाल्या होत्या, “घराचं काय ते बोला. आमचं बोलू नका.”

जोडप्याला घर आवडलं होतं. बायको तर मनातल्या मनात कपाटं लावून मोकळीही झाली होती. नवरा तेवढा किमतीवर अडून बसला होता.

“काकू किमतीत खाली येतील की,” भोंगा म्हणाला. “लेकीकडे जायची घाई आहे त्यांना. इथे झोप लागत नाही.”

“का बरं?” बायकोनं विचारलं.

इथे गप्प बसायला हवं होतं. पण सौदा हातातोंडाशी आलेला आणि जिभेला जुनी खोड. पलंगाशेजारी पाण्याचा पेला झाकून ठेवलेला होता. त्यानं वरची ताटली उचलून दाखवली. पाणी काठोकाठ होतं.

“काका जाऊन वर्ष झालं. तरी काकू त्यांच्यासाठी रोज पाणी भरून ठेवतात. वर म्हणतात, सकाळी ते कमी झालेलं असतं.” ताटली परत ठेवत तो हसला. “आता अशा माणसाला घर विकायची किती निकड असेल, तुम्हीच बघा.”

हसला तो एकटाच. बायकोनं नवऱ्याची बाही धरली. “विचार करून कळवतो,” असं म्हणत दोघं जी निघाली, ती थेट फाटकाबाहेर. भोंगा दार ओढून घेऊन त्यांच्या मागे धावला, पण गाडी तोवर वळणावर पोचली होती.

तो तसाच समोर गेला आणि काकूंना घेऊन आला.

“जमलं का हो?” त्यांनी वाटेतच विचारलं. लेकीला त्यांनी खोली आवरून ठेवायला सांगितलं होतं.

“घर लहान पडेल म्हणाले.”

काकूंनी दार उघडलं. त्या सरळ पलंगाकडे गेल्या आणि ताटली उचलली. पेला अर्धा झाला होता.

“तुम्ही आमचं बोललात,” त्या म्हणाल्या.

“नाही हो काकू. एक शब्द नाही.”

“चारचौघांत घरातलं निघालं की यांचा घसा कोरडा पडायचा. लगेच पाणी लागायचं.” त्या पलंगाच्या कडेला बसल्या. “लेकीला कळवते, येत नाही म्हणून. आता यांना एकटं कसं सोडू?”

भोंग्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आवाज फुटेना. घशाला कोरड पडली होती, आणि त्या घरात पाणी मागायची त्याची छाती झाली नाही.