बटणांचे बावीस फोन

एर्मेकने पुठ्ठ्याचं खोकं टेबलावर ठेवलं आणि शाळेच्या सभागृहातली कुजबुज एकदम थांबली.

खोक्यात बटणांचे बावीस फोन होते. साधे, काळे. बोलता यायचं, निरोप धाडता यायचा, बाकी काही नाही. आठवीच्या वर्गासाठी त्याने ते काराकोल शहराच्या बाजारातून आणले होते. त्यासाठी घोडी विकली होती.

"एर्मेक, तू स्वतः यायची गरज नव्हती," मुख्याध्यापक कालिल-अके हळूच म्हणाले. थोरल्या माणसांना गावात 'अके' म्हणत. "ठराव मी मांडला असता."

"नाही अके. हे मीच बोलायला हवं."

कालिल-अकेंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

एर्मेक पहिल्या रांगेत बसला. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. मे महिन्यापासून हे असंच चाललं होतं. तो दुकानात शिरला की बोलणं थांबायचं, माणसं साखरेच्या पोत्यांकडे बघत राहायची. काय बोलावं हे कुणालाच सुचत नसे. त्यालाही नसे.

आज पहाटेही तो बेर्मेतच्या कबरीवर जाऊन आला होता. लोक उठायच्या आत जायचं, मातीवर उगवलेलं गवत उपटायचं, तलावावर उजाडायला लागलं की परत फिरायचं. उन्हाळाभर त्याचा हाच नेम होता.

कालिल-अकेंनी ठराव वाचला. शाळेच्या फाटकाच्या आत स्मार्टफोन आणायचा नाही. घरी निरोप द्यायला बटणांचा फोन चालेल.

"बटणांचा फोन!" मागून कुबात ओरडला. तो गावात ट्रॅक्टर चालवायचा आणि त्याची दोन पोरं शाळेत होती. "पुढच्या वर्षी पोरांना कबुतरं पाळायला सांगाल!"

लोक हसले. म्हातारी सायराकुल मात्र काठी टेकत उभी राहिली.

"दात काढू नका रे. माझ्या नातवाची आई मॉस्कोत भांडी घासते. तीन वर्षं झाली. पोरगं तिला त्या काचेतच बघतं. तिथेच ती त्याला रागावते, तिथेच पापी देते. मधल्या सुट्टीत तिलाही सुट्टी असते. तेवढंही काढून घेणार?"

एर्मेक उठला. "आपा, घरी बघू दे की त्याला आईला. पोटभर बघू दे. फक्त शाळेत ती काच नको."

"का? शाळेत काय वाघ बसलाय?" कुबात बोलून गेला. शेजारच्याने त्याला कोपर मारलं. कुबातने मान खाली घातली.

"अठरा सेकंदांचा व्हिडिओ," एर्मेक म्हणाला. त्याचा आवाज एवढा बारीक होता की मागच्या लोकांना पुढे वाकावं लागलं. "मधल्या सुट्टीत, पाठीमागून काढलेला. तेरा वर्षांची पोर. तिच्या कपड्यांना डाग लागला होता, एवढंच. तिला कळलंसुद्धा नव्हतं. संध्याकाळपर्यंत तो तुम्ही सगळ्यांनी पाहिला."

काहींनी हातातले फोन खिशात घातले.

"मलाही आला होता. मी पाहिला, फोन बाजूला ठेवला आणि जेवायला बसलो. त्याच वेळी उठायला हवं होतं. विचारायला हवं होतं. मी आणखी एक वाटी सूप मागून घेतलं." तो थांबला. "सोमवार उजाडायच्या आत बेर्मेत गेली. मला आणखी काही म्हणायचं नाही."

सायराकुल खाली बसली. मग पहिला हात वर झाला तो कुबातचा. पाठोपाठ सगळ्यांचे. म्हातारीने सगळ्यात शेवटी, डोळे पुसत, हात वर केला.

फाटकाजवळ कुबातने एर्मेकला गाठलं.

"मघाशी तोंडातून निघून गेलं रे."

"तुझी काय चूक त्यात?"

"तुझ्या जागी मी असतो ना, तर या गावात राहिलोच नसतो. कधीच निघून गेलो असतो."

"जायचं कुठे?" एर्मेक म्हणाला.

घरी दिवसाढवळ्या पडदे ओढलेले होते. त्याची बायको गुलबारा हल्ली पाण्यालासुद्धा अंधार पडल्यावरच जायची. तिने त्याच्यापुढे चहाची वाटी आणि जर्दाळूचा मुरंबा सरकवला.

"ऐकलं का लोकांनी?"

"ऐकलं. सगळ्यांनी हात वर केले."

"काही बोलले नाहीत तुला?"

"नाही."

चहा तसाच ठेवून तो मुलीच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिला. गाद्यांची चळत नीट रचलेली होती. खुंटीवर शाळेचा पांढरा झगा होता, इस्त्री केलेला. गुलबारा दर आठवड्याला तो धुवायची आणि पुन्हा तिथेच अडकवायची. किती वेळा त्याला वाटलं होतं की म्हणावं, पुरे आता. कधी म्हणवलं नव्हतं.

मागे फोन वाजला. गुलबाराने नंबर बघितला आणि फोन त्याच्या हातात दिला. ओश शहरातून, त्याच्या बहिणीच्या घरून होता.

"बोल," एर्मेक म्हणाला.

पलीकडे आधी नुसता श्वास ऐकू आला.

"बाबा, झाली का सभा? मी आता घरी येऊ का?"

एर्मेकने डोळे मिटले.

"बाबा, मी खरंच फक्त पाच जणींना पाठवला होता. बेर्मेतची मी सोमवारी माफी मागणारच होते."