बगळ्याचा दांडा

ताईने फ्रीजचं दार उघडलं, फ्रीजवरच्या नळाची नळी आतल्या बिअरच्या पिंपाला जोडली आणि पिंपावरचा शिक्का भिंतीच्या बाजूला वळवला. शिक्का होता गावातल्या सगळ्यात मोठ्या बिअर कारखान्याचा; त्याच्या मालकाला सगळे नुसतं ‘मालक’ म्हणत. पिंप तिने कालच कोपऱ्यावरच्या बारमधून आणलं होतं.

मग तिने भिंतीवरून नळाचा लाकडी दांडा उतरवला, बगळ्याच्या आकाराचा.

भिंतीवर बिअरच्या नळांचे दोनशे तेरा दांडे होते. लाकडी, पितळी, एक तर चक्क बुटाच्या आकाराचा. प्रत्येकाखाली तिच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी: कारखाना कुठला, पाणी कुठलं, भट्टीपाशी कोण उभं राहायचं. नळावर दांडा एकाचा आणि आत बिअर दुसऱ्याची, हे तिने एकतीस वर्षांत कधी केलं नव्हतं. असं करणाऱ्या बारमध्ये ती पुन्हा पाऊल टाकत नसे. बगळा तिने नळावर बसवला. तो वाकडा बसला. तिने काढून पुन्हा बसवला.

हा बगळा तिच्या धाकट्या भावाने आपल्या छोट्या बिअर कारखान्यासाठी मोडक्या खुर्चीच्या पायातून कोरला होता. बारा वर्षांपूर्वी त्याच्या बिअरमध्ये जंतू सापडल्याचा अहवाल आला. दीड महिन्यात मालकाने कारखाना कवडीमोलाने घेतला आणि कुलूप लावलं. त्यानंतर भाऊ कुणाकडे जेवायलाही जाईना. लोक माझ्या हातांकडे बघतात, म्हणायचा. दोन वर्षांत गेला.

आता मालक बंद पडलेल्या कारखान्यांच्या वस्तूंचं दालन उघडणार होता आणि त्यासाठी बगळा विकत घ्यायला आज येणार होता. बगळ्याखाली लावायच्या पाटीचा मजकूर त्याने पत्रातून कळवला होता: ‘अस्वच्छतेमुळे बंद.’

घंटा वाजली.

मालक आला. मागून त्याची बिअर बनवणारा कारागीर आणि एका मासिकाची बातमीदार, गळ्यात कॅमेरा.

“काय ताई, भिंत आहे की स्मशान?”

“स्मशानच. त्यातले सात तुम्हीच पोचवलेत.”

मालक मोठ्याने हसला. बातमीदारही हसली आणि मग तिला हसावं की नाही ते कळेना.

“भावाची बिअरच्या कृतींची वही सापडली, असं कळलं,” मालक म्हणाला. “दांड्याबरोबर तीही घेऊन टाकतो. तुम्हाला काय करायचीय?”

“सापडली आहे.” वही खरंच टेबलावर होती. ताईने बगळा पुढे ओढला. बिअर ग्लासात उतरली, वर दोन बोटं फेस आला. “आधी चाखून बघा.”

मालकाने बगळ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, ग्लासाकडे पाहिलं; वहीवरून केलेली भावाचीच बिअर, असं त्याने धरलं. वस्तू विकत घ्यायची असली की तिच्यात खोड काढायची, ही त्याची जुनी रीत. एक घोट घेऊन त्याने तोंड वेडंवाकडं केलं.

“अरेरे. ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय.” दुसरा घोट. “आणि मागून आंबूस. ताई, राग मानू नका, पण मेलेल्या माणसाबद्दलही खरं बोलावं. म्हणूनच बंद केला मी तो कारखाना. हे काय प्यायचं असतं?”

बातमीदार भराभर लिहून घेत होती. “पुठ्ठ्याचा वास,” ती पुटपुटली. “आणि?”

“आणि लिहा, की गटारात ओतायच्या लायकीची. दोष पाण्यात नाही, हातात आहे. असा माणूस माझ्याकडे असता तर एक दिवस टिकला नसता.”

ताईने कारागिरालाही ग्लास भरून दिला होता; त्यातून त्याने एकच घोट घेतला. तो घोट त्याने तोंडात बराच वेळ ठेवला. मग गिळला आणि ताईकडे पाहिलं. ताई त्याच्याकडेच बघत होती. बारा वर्षांपूर्वीच्या त्या अहवालाखाली नमुना आणणारा म्हणून याचीच सही होती.

“तुम्हाला कशी वाटली?” बातमीदाराने त्याला विचारलं.

त्याने ग्लास उजेडात धरून पाहिला.

“अरे, सांग की,” मालक म्हणाला. “तोंड काय शिवलंय का? पंचवीस वर्षं भट्टीपाशी घालवलीस. सांग यांना, कुणाच्या हातची घाण आहे ही.”

“माझ्या.”

“काय?”

“माझ्या हातची आहे, मालक. आपलीच आहे. गेल्या पंधरवड्यातली.” त्याने ग्लास टेबलावर ठेवला. “आणि वाईट नाहीये.”

मालक फ्रीजपाशी गेला. दार उघडून त्याने पिंप फिरवलं. शिक्का दिसला तसा तो वाकलेलाच राहिला, पाठमोरा. मान मात्र लाल होत गेली.

“हा फसवणुकीचा धंदा आहे,” तो सरळ होत म्हणाला. “हे छापायचं नाही.”

“एक मिनिट,” बातमीदार म्हणाली. तिचं लक्ष कारागिराकडे होतं. “मग तेव्हाचा अहवाल?”

“गप्प बस,” मालक कारागिरावर ओरडला.

“नमुना मी नेला होता,” कारागीर म्हणाला. तो बोलत होता ताईशी. “बाटली बगळ्याची होती. आत काय भरायचं, ते यांनी मला सांगितलं होतं.”

ताईने या वाक्याची बारा वर्षं वाट पाहिली होती. ती कारागिराकडे पाठ करून नळापाशी गेली.

तिने नळावरचा बगळा काढून हातरुमालाने पुसला आणि वहीशेजारी ठेवला. खणातून मालकाच्या कारखान्याचा पितळी दांडा काढला, फिरवून नळावर घट्ट बसवला. हा पहिल्याच वेळी सरळ बसला. मालकाचाच ग्लास तिने काठोकाठ भरला आणि त्याच्यापुढे धरला.

“घ्या,” ती म्हणाली. “आता चांगली लागेल.”