उलट्या चपला

मोठ्या क्रूझवरून होडीत उतरून मंडळी तरंगत्या कोळीवस्तीत पोहोचली. पिंपांवर बांधलेली घरं पाण्याबरोबर संथ डुलत होती. एका घराच्या फळ्यांवर चढल्यावर हेमलताकाकूंना दाराशीच पुरुषाच्या चपला उलट्या पडलेल्या दिसल्या. उलट्या चपलांनी घरात भांडणं होतात, हे काकूंच्या डोक्यात लहानपणापासून पक्कं बसलेलं. त्यांनी चटकन वाकून त्या सुलट केल्या.

तिथला गाईड किंचाळलाच. त्याचं ऐकून टूर मॅनेजरचा चेहरा उतरला. जवळच जाळं विणत बसलेल्या म्हातारीकडे बघत तो म्हणाला,

"अहो काकू, काय केलंत हे! या आजींचे यजमान समुद्रात बुडाले, सापडलेच नाहीत. अशा माणसाच्या चपला इथे उलट्याच ठेवतात. सुलट दिसल्या तर तो घरी परत येतो म्हणे."

काकू ओशाळल्या. चपला पुन्हा उलट्या करायला त्यांनी हात पुढे केला, तर म्हातारीने उठून तो घट्ट धरला आणि नकारार्थी मान हलवली. मग ती आत गेली. तिने भाताचे दोन वाडगे भरले, समोरासमोर ठेवले.

"चला, चला, होडीत बसा!" मॅनेजरने घाई केली.

होडी वळताना काकूंनी मागे पाहिलं. उन्हाने तापलेल्या कोरड्या फळ्यांवर, पाण्याच्या कडेपासून चपलांच्या जागेपर्यंत, ओल्या पावलांचे ठसे उमटले होते. चपला तिथे नव्हत्या.

दारात उभी म्हातारी घाईघाईने केस सारखे करत होती.