राहिलेलं राज्य

“आला, आला!” आर्लो ट्वेट अंगणातून ओरडला आणि हातातला अँटेना त्याने धान्याच्या कोठारामागच्या आभाळावर रोखला. कानावरच्या हेडफोनमधल्या खरखरीतून त्याच्यासारख्याच हौशी रेडिओवाल्यांचे आवाज फुटू लागले. टेक्सास, मग ओहायो, मग मॅनिटोबा. वर पावाच्या लादीएवढा एक उपग्रह धावत होता आणि एका वेळी एकच आवाज पेलून तो साऱ्या खंडाला ऐकवत होता. कुठल्याशा कॉलेजच्या पोरांनी बनवलेला तो उपग्रह आता इतका खाली आला होता, की उद्यापर्यंत जळून खाक होणार होता. इथल्या आभाळातली ही त्याची शेवटची फेरी. जेमतेम सात मिनिटं.

आणि आर्लोचं एक राज्य राहिलं होतं! या एकाच उपग्रहावरून अमेरिकेतल्या पन्नासही राज्यांशी बोलायचं, असा त्याने चंग बांधला होता. अलास्का झालं, हवाई झालं. राहिलं ते साऊथ डकोटा, म्हणजे त्याचं स्वतःचंच. या राज्यात माणसांपेक्षा गाई जास्त, आणि गाईंना रेडिओचा नाद नसतो. तो नाद असलेलं दुसरं माणूस एकच होतं, शेजारची व्हर्ना हॉफर. ती कुंपणापलीकडे उभी होती, स्वतःचा अँटेना त्याच आभाळावर रोखून.

पायरीवर वाटाणे सोलत बसलेली त्याची बायको ग्लेनिस म्हणाली, “इथून हाक मारलीस तरी ऐकू जाईल तिला. आभाळातून कशाला जातोस?”

“तसलं बोलणं यादीत धरत नाहीत. वरूनच जायला हवं!” आर्लो खेकसला.

ग्लेनिसला ते ठाऊक होतं. व्हर्ना दोन वर्षं का बोलत नाही, तेही ठाऊक होतं. तेव्हा हवाईचा माणूस पहिल्यांदा सापडला होता. दोघांनी एकदम हाक दिली, आवाज एकमेकांत अडकले आणि तो माणूस हातचा गेला. आर्लोचं टाळकं फिरलं. “त्या बाईला कुणीतरी सांगा, घरात बसून केक भाज म्हणावं!” असं तो उपग्रहावरूनच बोलून बसला. साऱ्या खंडाने ऐकलं. तेव्हापासून आर्लोने हाक दिली की व्हर्ना माइक खाली करायची.

उपग्रह डोक्यावर आला. आर्लोने बटण दाबलं. “साऊथ डकोटा हवंय! साऊथ डकोटातून कुणी आहे का?”

“अरे बाबा, साऊथ डकोटात तूच आहेस की!” टेक्सासवाला हसला. ओहायोवालाही हसला. कुंपणापलीकडे व्हर्नाने माइक खाली केला.

उपग्रह पलीकडे उतरू लागला. आर्लोने अँटेना त्याच्यामागे वळवला. कुंपणापाशी जाऊन हळूच माफी मागणं सोपं होतं, आणि दोन वर्षांत त्याला तेवढंही जमलं नव्हतं. पण तिचा अपमान काही कुंपणापाशी झाला नव्हता. त्याने पुन्हा बटण दाबलं.

“व्हर्ना, आर्लो बोलतोय. त्या दिवशी मी जे बरळलो ते सगळ्यांनी ऐकलं होतं, म्हणून हेही सगळ्यांनी ऐका. चूक माझी होती. तू माझ्यापेक्षा सरस आहेस, आणि मला ते बघवत नव्हतं. राज्य नाही दिलंस तरी चालेल.”

स्वतःचे शब्द आभाळातून परत कानात पडले, तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग कुणीच बोलेना. शेवटची फेरी, प्रत्येकाला काही ना काही हवं होतं, तरी टेक्सास गप्प आणि ओहायो गप्प. सगळ्यांनी तिच्यासाठी वाट मोकळी सोडली होती. ग्लेनिसच्या हातातली शेंग तशीच राहिली.

व्हर्नाने माइक उचलला. तिचे ओठ कुंपणापलीकडे हलले आणि आवाज वरून आला.

“ऐकलं, आर्लो. स्वच्छ ऐकू आलास. केक तू भाजून आणायचास.” खरखर वाढली, तिचा आवाज तुटक येऊ लागला. “आणि साऊथ डकोटाबद्दल आभार. माझंही तेवढंच राहिलं होतं.”