वळणापर्यंत

सायकल शर्यतीत घाटाच्या शेवटच्या चढाला तिची मांडी पेटली. अपघातात मोडलेल्या हाडातली सळई ठणकत होती, पण पुढे फक्त दोघीच होत्या आणि त्याही दमल्या होत्या.

"हाण पोरी!" कडेच्या गर्दीतून तिच्या वडिलांचा, आबांचा आवाज आला आणि पाठोपाठ सीटखाली हात टेकला. मागे न बघताही तिला तो कळला. अपघातानंतर ती सायकलवर बसायलाच घाबरायची, तेव्हा शाळेच्या मैदानावर हाच हात सीट धरून तिच्यामागे धावला होता. आजही आबा तसेच धावत होते, धापा टाकत, जीव खाऊन ढकलत.

पंचांची मोटरसायकल शेजारी आली. "बाहेरची मदत चालत नाही. तू बाद."

आबांना ते ऐकूच गेलं नाही. हात सोडून ते रस्त्यातच टाळ्या पिटत उभे राहिले. "सुटली माझी वाघीण! आता कुणाच्या बापाला ऐकायची नाही!"

"साहेब," ती पंचांना म्हणाली, "त्या वळणापर्यंत जाऊ द्या. तिथून पुढचं त्यांना दिसत नाही."

पंचांनी वेग कमी केला. मग ती सीटवरून उठली आणि पहिली येणार असल्यासारखी, जोरजोरात पायडल मारत वळणाकडे निघाली.