पहिली सही काकूची

"बर्फात ठेवलेला गर्भ? शिळा शे तो! ताजाच ठेवा," आबांनी धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंना ठणकावलं. टेस्ट ट्यूब बाळासाठी स्त्रीबीजं काढल्यापासून त्यांच्या सुनेला, म्हणजे माझ्या काकूला, धाप लागत होती, पोट फुगलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आत्ता दिवस गेले तर हिच्याच जिवावर बेतेल. गर्भ गोठवू, दोन महिन्यांनी पोटात ठेवू." काका आबांकडे बघत बसले. आणि भाजीत मीठसुद्धा विचारून टाकणारी माझी काकू चक्क बोलली! "आबा, केळीची रोपं आली तेव्हा शेतात चिखल होता. लावलीत का?" "चिखलात कोण लावतं? सावलीत ठेवली, वाफसा आल्यावर लावली." "किती जगली?" "बठ्ठी! एकूण एक!" आबा ऐटीत म्हणाले आणि लगेच त्यांनी जीभ चावली. काकूनं गर्भ गोठवायचं संमतीपत्र ओढून पहिली सही स्वतःची ठोकली. "बघतोस काय?" आबा काकांवर गरजले, "सही कर! आणि हिला हंडा उचलू देऊ नको!"