वजनकाटा

आधार मिस्त्रीने डिझेल फिल्टर बदलला, टर्बोचा पाइप तपासला, टाकीही धुतली. तरी धनसिंगनानांची जुनी डिझेल गाडी नरडाण्याच्या रस्त्यावर मध्येच दम तोडायची.

"वझं लादेल बैलनामायक चालस," नाना म्हणाले.

ओझ्याचं नाव निघताच आधारची ट्यूब पेटली. सकाळी गाडी नीट पळत असताना त्याने ती कापसाच्या जिनिंग मिलच्या वजनकाट्यावर तोलली. रिकामी गाडी, अकराशे वीस किलो.

दुपारी दम तुटताच तिला पुन्हा तिथेच चढवली. इंजिन चालूच ठेवून दोघं उतरून बाजूला झाले.

बाराशे.

 दारं बंद, आत कोणी नाही. दोघं बघत असतानाच स्प्रिंगा करकरल्या, गाडी मागून बोटभर उचलली गेली आणि आकडा अकराशे वीसवर आला. इंजिन एकदम मोकळं वाजू लागलं.

"हाई दख, हलकी व्हयनी!" म्हणत नाना सुसाट निघून गेले.

काटाच बिघडला असेल, म्हणून सत्तर किलोचा आधार स्वतः त्यावर चढला. पाय उचलता उचलेनात.

काटेवाला आकड्यावरची नजर न हलवता खिडकीतून ओरडला,

"दीडशे! भाऊ, एकेक जण चढा ना!"